चार नंबरचा गहू

धाकटी गव्हाच्या संशोधन केंद्रात नोकरीला होती आणि तिच्या ताईचं सासर कालव्याकाठी, शेतावर. वरच्या अंगाला बॅटऱ्यांचा कारखाना आला, त्याचं पाणी कालव्यात उतरलं आणि दोन वर्षांत त्या पट्ट्यातला गहू पिवळा पडून खुरटला. मातीत कॅडमियम हा विषारी धातू मुरला होता. धाकटीने ताईच्या शेतातली माती पोत्यांतून आणली, कुंड्या भरल्या आणि गव्हाचे नऊ वाण लावले. आठांनी माना टाकल्या. चार नंबरचा मात्र हिरवागार राहिला, ओंब्या टचटचीत भरल्या. धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. बियाण्याची पिशवी तिने स्वतः ताईकडे पोचवली.

"डोळे मिटून पेर," ती म्हणाली.

पीक असं आलं की शेजाऱ्यांनीही बी मागून नेलं. भावजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची मेहुणी म्हणजे गव्हाची डॉक्टर!"

दाण्यातला धातू मोजायचं यंत्र तेव्हा केंद्रात नव्हतं. ते सहा वर्षांनी आलं. चाचणीसाठी धाकटीने कपाटातून त्या कुंड्यांतल्या दाण्यांच्या जुन्या बरण्या काढल्या. मान टाकलेल्या दोन नंबरने विष मुळांतच अडवलं होतं. त्याचे मूठभर दाणे जवळजवळ स्वच्छ निघाले. चार नंबरने ते मुळांत ठेवलंच नव्हतं. सगळं दाण्यात चढवलं होतं, खाण्यासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या अकरा पट. तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

दोन वर्षांपासून ताईची कंबर आणि मांड्या दुखत होत्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती भिंत धरून चालायची. डॉक्टर म्हणाले होते, वय झालं.

धाकटी तिच्याकडे पोचली तेव्हा ताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कणीक मळत होती. धाकटीने परात ओढून घेतली.

"अगं, काय झालं?"

धाकटीने सगळं सांगितलं. भावजी दारातच उभे होते.

"पिवळा पडलेला गहू चांगला, आणि हा विषारी?" ते म्हणाले. "असं कुठे असतं?"

"असतं, भावजी. मी झाड बघितलं, दाणा नाही बघितला."

ते बाहेर गेले. धाकटी ओट्याला टेकून हुंदके देऊ लागली.

"मुद्दाम केलंस का?" ताईने विचारलं.

"नाही गं."

"मग रडू नकोस. उठून तुला पाणी द्यायचं बळ माझ्यात नाही." ती हसली. मग तिची नजर पिठाच्या हातांवर गेली. "नातीला मी याच पिठाची लापशी भरवते," ती म्हणाली.

तपासण्या झाल्या. ताईची मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेली होती, हाडं पोकळ झाली होती. शरीरात साठलेलं आता उपसून काढता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नातीच्या लघवीतही कॅडमियम सापडलं.

धाकटी कालव्याकाठी दारोदार फिरली. लोकांनी ऐकून घेतलं. एक म्हातारा तिला बांधावर घेऊन गेला. समोर गुडघाभर हिरवा गहू वाऱ्यावर लवत होता.

"याला रोग आहे म्हणतेस?" तो म्हणाला. "तूच तर दिला होतास, बाई."

कापणीच्या सुमारास ताई न्हाणीघरात नुसती वळली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. भावजींनी आपलं शेत नांगरून टाकलं. बाकी सगळ्यांनी चार नंबरचा गहू कापून घरात भरला.