सुई थांबली की उत्तर

वेगळं होताना टेलरच्या बायकोने एकच मेहेरबानी केली होती. "बुटकीला बेरीज जमत नाही आणि मला शिकवायला वेळ नाही. तिला जमेपर्यंत रविवारी दुपारी या. नंतरचं नंतर बघू." नंतरचं म्हणजे काय, हे न कळण्याइतका तो दुधखुळा नव्हता.

तर हा बाबा दर रविवारी बटणांचा डबा काखोटीला मारून यायचा आणि स्वतःच्याच जुन्या घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला टेकायचा. लेक बटणं मांडून मोठ्याने मोजायची, तो शेजारी बसून गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटणं लावायचा. रिकाम्या हातांनी बसणं त्याला जन्मात जमलं नाही. आणि पोरगी धडाधड बरोबर उत्तरं द्यायची! शाळेत मात्र शुंभासारखी बसायची. बाई म्हणायच्या, हिला काही म्हणजे काही येत नाही. टेलर बाईंवरच डाफरायचा, पण आतून त्याला बरंच वाटायचं. न येईना का! रविवार तर टिकतोय.

एकदा आठ आणि पाच चाललं होतं. "नऊ, दहा, अकरा..." नेमकी दोऱ्याला गाठ बसली, सुई अडकली.

"अकरा!" बुटकी ठणकावून म्हणाली.

"अगं, समोर बटणं उरलीत की अजून!"

"पण तुझी सुई थांबली ना."

टेलरने हातातल्या सुईकडे बघितलं. उत्तर आलं की आपला हात थांबतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. पोरगी इतके दिवस बटणं मोजतच नव्हती, त्याचा हात बघत होती.

गप्प बसला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोला. पण शाळेत सगळे तिला ढ म्हणणार आणि ती बापाची सुई शोधत बसणार, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. त्याने शर्ट पिशवीत कोंबला आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

"मोज आता. शेवटचं बटण संपेपर्यंत थांबायचं नाही."

ती रडली. "दुष्ट आहेस तू!" म्हणाली. त्याचा जीव तुटत होता, पण पठ्ठ्या वळला नाही.

असे बरेच रविवार गेले. मग एका दुपारी रडणं ऐकू आलं नाही. बटणं सरकत राहिली.

"तेरा!"

तो पाठ करूनच बसून राहिला. तिने पुन्हा मोजलं. "तेराच. तू नाही म्हणालास तरी तेराच!" आणि आत धूम ठोकली. "आई! मला एकटीला आलं! बाबाकडे बघितलंसुद्धा नाही!"

आई हात पुसत बाहेर आली. तिने दोन बेरजा घातल्या, दोन्ही बरोबर आल्या.

"चला, सुटलो एकदाचे," ती म्हणाली. "आता तुम्हाला दर रविवारी हेलपाटा नको."

टेलरने मान हलवली. भांडायला तोंड होतं कुठे? तो चपला घालत होता तेवढ्यात बुटकी डबा घेऊन धावत आली. सगळी बटणं तिने आठवणीने गोळा केली होती.

"हा घेऊन जा बाबा, मला आता लागत नाही," ती ऐटीत म्हणाली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

त्याने शाबासकी दिली.