झऱ्याच्या अलीकडे

मी मूळची मुरुडची. सौदीतल्या तबूकमधल्या एका खासगी दवाखान्यात नऊ वर्षं नर्स आहे. आमचा फार्मसिस्ट मुस्तफा पॅलेस्टिनी. त्याची आई आता त्याच्याकडेच असते; तिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणते. सदुसष्टच्या लढाईत, अकरा वर्षांची असताना, ती घरच्यांबरोबर वेस्ट बँकमधलं गाव सोडून जॉर्डनमध्ये आली. पुढे तीनदा गावी जायला निघाली, तीनदा सरहद्दीवरच्या पुलावरून इस्रायली सैनिकांनी तिला माघारी पाठवलं.

आणि मला? गेल्या वर्षी माझा नवरा हारून आणि मी जेरुसलेमला झियारतीला, तिथल्या पवित्र जागांच्या दर्शनाला गेलो, तेव्हा भारतीय पासपोर्ट बघून चार तासांत आत सोडलं! निघताना खाला एवढंच म्हणाली होती, "आमच्या गावात जा. वर झरा आहे, तो बघून ये."

एका सकाळी आम्ही टॅक्सी केली. ड्रायव्हर कादिर त्याच गावचा निघाला. डोंगरउतारावर पन्नास-साठ दगडी घरं, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या ऑलिव्हच्या बागा. एका बागेत नुसते बुंधे उरले होते.

"गेल्या हंगामात कापली," कादिर म्हणाला आणि समोरच्या टेकडीकडे बघत राहिला. तिथे लाल कौलांची नवी इस्रायली वसाहत होती.

झऱ्याच्या वाटेवर लोखंडी फाटक होतं. तिथे त्या वसाहतीतला एक माणूस बंदूक लटकवून उभा होता.

"कुठले?"

"इंडिया," हारून म्हणाला.

त्याचा चेहरा खुलला. "इंडिया! या, या. पाणी फार गोड आहे. फोटो काढा." कादिरकडे न बघताच तो पुढे म्हणाला, "हा इथेच थांबेल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "झरा याच्या गावाचा आहे. आम्हाला या म्हणणारे तुम्ही कोण?"

हारूननं माझा दंड धरला. "अफशाँ, गप्प बस. आपण उद्या निघून जाऊ. याला इथेच राहायचंय."

कादिर मान खाली घालून उभा होता. मी पाठ फिरवली. आत गेलेच नाही.

तबूकला परतल्यावर शुक्रवारी मुस्तफाकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं, खाला मला जवळ घेईल.

ती उसळलीच. "गेली नाहीस?"

"खाला, कादिरला बाहेर ठेवून मी कशी..."

"मला त्यांनी अडवलं. तुला कुणी अडवलं होतं? तुझा राग घेऊन मी काय करू? माझ्याकडे कमी आहे? झऱ्यापाशी आमचं अंजिराचं झाड होतं, ते आहे की तोडलं, तेवढं तरी कळलं असतं!"

"यम्मा, पुरे," मुस्तफा म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस."

त्या फाटकापाशी मी माझा मान राखला होता आणि हिचं काम विसरले होते. त्या बंदूकवाल्याइतकीच स्वतःची चीड आली.

खालानं खुर्ची पुढे ओढली.

"बरं. जे पाहिलंस ते सांग. खालच्या वळणापासून. एकही घर गाळू नकोस."

मी सांगायला लागले.