सोमल प्यालेला केरिस

मित्रांनो, मला केरिस म्हणतात. नागमोडी पात्याचा, लाकडी मुठीचा जुना मलय खंजीर. वय विचारू नका. मला घडवणाऱ्या लोहाराचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. लोखंड आणि निकेल एकावर एक ठेवून त्याने मला ठोकलं, दुमडलं, पुन्हा ठोकलं. मग लिंबाच्या रसात सोमल कालवून माझ्या अंगाला चोळला. त्याने लोखंड काळं पडतं, निकेल पांढरं राहतं आणि पात्यावर लाटांची नक्षी उमटते. सोमल म्हणजे जालीम विष. माझं सगळं रूप त्याच्यावर उभं आहे, हे मी पूर्वी मोठ्या ऐटीत सांगत असे.

पुलाउ उबीन बेटावर पाक रोस्लान नावाच्या म्हाताऱ्याकडे माझे सुखाचे दिवस गेले. वर्षातून एकदा तो मला लिंबाने धुवायचा, चंदनाचं तेल लावायचा आणि वापरलेली लिंबं खोल पुरून वर दगड ठेवायचा. कोंबडीनेही त्यांना चोच लावलेली त्याला खपत नसे.

पुढे त्याची नजर अधू झाली. मूलबाळ नव्हतं. दर शनिवारी सायकल चालवायला येणारा प्रबोध त्याच्याकडे नारळपाणी प्यायला थांबायचा. हा मूळचा पुण्याचा आयटीवाला, राहायला खाडीपलीकडच्या शहरात, सेंगकांगला. माझ्याकडे तो टक लावून बघत बसे, म्हणून म्हाताऱ्याने एके दिवशी मला त्याच्याच हाती सोपवलं.

"दरवर्षी लिंबाने धुवायचं हं," तो म्हणाला. "आणि ते लिंबू मग..."

तेवढ्यात प्रबोधचा फोन वाजला. ऑफिसचा. "वन मिनिट, अंकल," म्हणत तो बाजूला गेला आणि बोलता बोलताच बोटीत चढला. त्याच वर्षी म्हातारा वारला. ते वाक्य पुरं करणारं कुणी उरलं नाही.

सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये मला काचेच्या कपाटात मानाची जागा मिळाली. गेल्या वर्षी खंडेनवमीला लॅपटॉप आणि सायकलीशेजारी मला पाटावर ठेवलं. शस्त्राने लिंबू कापायचा प्रबोधच्या घरचा रिवाज. त्याने माझ्या धारेने लिंबू कापलं, एक फोड माझ्या पात्यावर घासली आणि म्हणाला, "चला, कापणंही झालं, धुणंही झालं."

दुसरी फोड त्याच्या बायकोने, संजीवनीने, उचलली. "देवापुढचं आहे, टाकायचं कशाला?" असं म्हणून तिने लेकीला त्याचं सरबत करून दिलं. वल्लरी तेव्हा सहा वर्षांची.

"आई, सो सावर लाह," म्हणत, आंबट तोंड करत तिने निम्मा पेला संपवला. मी पाटावर पडून बघत होतो. मला हात नाहीत, तोंड नाही. त्या वेळी जितकी स्वतःची चीड आली, तितकी कधी आली नव्हती.

संध्याकाळी पोरीला उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. डॉक्टरांनी काय काय खाल्लं ते विचारलं. आईबापांनी श्रीखंड सांगितलं, पुऱ्या सांगितल्या, आदल्या दिवशी बाहेर खाल्लेल्या नूडल्स सांगितल्या. आळ नूडल्सवर आला. सोमल जुना, झिजलेला होता, म्हणून पोर वाचली.

यंदा मात्र माझी नक्षी पुसट झाली म्हणून प्रबोधने हौसेने मला शहरातल्याच गेलांग भागातल्या एका कारागिराकडे कुरिअरने पाठवलं. त्याने नवा सोमल चढवला. आता मी असा झळकतो की पाहुणे वाहवा करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारागिराने परतीच्या खोक्यात काही लिहून ठेवलं असेल, तर ते खोक्यासकट कचऱ्यात गेलं.

उद्या खंडेनवमी आहे. आत्ताच वल्लरीने विचारलं, "बाबा, या वेळी मी कापू?"

"काप की," प्रबोध म्हणाला. "आणि सरबतही तुलाच."

संजीवनी लिंबं धुते आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी तसं काही मागत नाही. मी खुशाल गंजून जाईन. पण तुमच्यापैकी कुणी सेंगकांगकडे राहत असेल, तर सकाळीच बाराव्या मजल्यावर या, बेल वाजवा आणि वल्लरीच्या हातातून ते लिंबू काढून घ्या. पूजा नऊला आहे.