खेळाडू शोधत आहोत

“गेम मेलाय, ताई. आता तरी मान्य कर.”

“मेला असता तर उघडला असता का?” हेडफोन सावरत ताई म्हणाली.

“उघडून काय उपयोग? नऊ मिनिटं नुसतं ते चक्र बघतोय आपण.”

पडद्यावर चक्र फिरत होतं आणि त्याखाली अक्षरं होती : खेळाडू शोधत आहोत, वीसपैकी सात.

ताई इस्पितळात एक्स-रे काढायची. वय छप्पन्न, त्यातली एकतीस वर्षं त्याच एका थंडगार खोलीत गेलेली. ऑनलाइन गोळीबाराचा हा खेळ तिच्या गळ्यात पडला तो धाकट्या भावामुळे. आई गेल्यानंतर दोघांचं फोनवरचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘तब्येत बरी ना’ यापलीकडे जाईना. शेवटी सहा वर्षांपूर्वी त्यानेच दूरच्या शहरातून तिच्या कॉम्प्युटरवर हा खेळ घालून दिला. पहिले दोन महिने ताई जमिनीकडे बघतच चालायची आणि भिंतींवर आपटायची. मग तिला तिचं काम सापडलं : पडलेल्यांना पट्टी बांधून उभं करायचं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला भावंडं एखाद्या जिन्याखाली लपून मनसोक्त भांडायची. त्याचं लग्न मोडतंय हेही तिला असंच, एका जळक्या ट्रकमागे बसल्या बसल्या कळलं होतं.

“परीक्षा चालू असतील पोरांच्या,” ती म्हणाली.

“गेल्या महिन्यात म्हणालीस, सुट्टीत गावाला गेलेत. ताई, चौदा महिन्यांत कंपनीने खेळायला एक नवा नकाशा दिलेला नाही. आकडे बघ ना, तक्ता पाठवलाय तुला.”

“तुझे तक्ते घाल चुलीत. पेशंट कमी झाले म्हणून दवाखाना बंद पडत नाही.”

“डॉक्टरच निघून गेल्यावर पडतो.”

तेवढ्यात खेळ सुरू झाला. ताईला कोण आनंद! “बघ! वीसच्या वीस!”

“अगं, ही माणसं नाहीत. रिकाम्या जागा कॉम्प्युटरने भरल्यात. तो बघ, मघापासून भिंतीत घुसायला बघतोय.”

“आमच्या विभागातले निम्मे असेच आहेत,” ताई म्हणाली खरी, पण तिने गुपचूप लिहून पाहिलं : कोणी आहे का? उत्तर आलं नाही. ज्याला ती पट्टी बांधत होती, तो उठला आणि परत त्याच भिंतीकडे पळत सुटला.

“आमच्या नव्या गेममध्ये असलं नसतं,” भाऊ बोलून गेला.

“आमच्या?”

भावाच्या खेळाडूने भरलेलीच बंदूक उगाच पुन्हा भरली.

“किती दिवस झाले?”

“आठ महिने. ताई, रविवार सोडून खेळतो गं. रविवारी इथेच येतो की नाही?”

“उपकार करतोस माझ्यावर? म्हातारीला फिरवून आणल्यासारखं?” तिने हेडफोन काढून टेबलावर आपटला. इतका संताप तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. आणि संताप येण्यासारखं त्याने काही केलेलं नाही, हे कळत असल्यामुळे तर तो आणखीच वाढला.

आठवडाभर तिने त्याचा फोन घेतला नाही. गुरुवारी संध्याकाळी मात्र, कुणाला न सांगता, तिने तो नवा खेळ उतरवून घेतला. सगळं इतकं गरगर फिरत होतं की दहा मिनिटांत तिला मळमळायला लागलं. कुणाला उभं करायची सोयच नव्हती तिथे. पडला तो गेला. तिने खेळ काढून टाकला आणि लिंबूपाणी घेऊन आडवी झाली.

रविवारी दहाला, नाही नाही म्हणत ती बसलीच. भाऊ आधीच आलेला होता.

“आलीस?”

“मरू दे तो विषय. किती जण?”

“तीन. आपण दोघं आणि हा कोण अनोळखी.”

बारा मिनिटं झाली तरी तीनच. आज खेळ रिकाम्या जागाही भरून देईना. मग अनोळखी माणसाने लिहिलं : तुम्ही कधीपासून थांबलाय?

सहा वर्षं, ताईने लिहिलं.

बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं : मी सात.

“ताई, तिघांत सामना होत नाही. सराव उघडू? शत्रू नसतात त्यात. नुसतं गाव.”

“उघड. आणि त्यालाही घे.”

गाव नेहमीच्या सामन्यांतलंच होतं, पण जीव मुठीत धरून पळताना ते कधी नीट बघितलंच नव्हतं. चौकात न्हाव्याचं दुकान होतं, आत तीन खुर्च्या होत्या. एका स्वयंपाकघरात ताटं मांडलेली. वरच्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले.

“एवढं कुणी बसून केलं असेल गं?” भाऊ म्हणाला.

“केलंय खरं,” ताई म्हणाली. “सावकाश चल. तो मागे राहिलाय.”

भाऊ थांबला. अनोळखी माणूस न्हाव्याच्या आरशासमोर उभा होता. तो येईपर्यंत दोघं रस्त्याच्या मधोमध, उघड्यावर उभी राहिली.