बुधवारची चार नावं

नानासाहेब कुंभोजकर न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला मुलाकडे राहायला आले तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. बायको जाऊन आठ महिने झाले होते. मिरजेच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि इंजिन सोडून दुसऱ्या कशाविषयी ते फारसं बोलत नसत. मुलगा मकरंद आयटीत. आठवड्यातले तीन दिवस तो ऑकलंडच्या ऑफिसात जायचा आणि तिकडेच मित्राकडे मुक्काम करायचा. त्यामुळे घरात बहुतेक वेळ नाना आणि सून उत्तरा, दोघंच. पहिलं वर्षभर त्यांचं बोलणं चहा, गोळ्या आणि हवा यांच्यापलीकडे गेलं नाही.

ते बदललं स्टॉककारमुळे. उत्तरा दूध पावडरचे प्लांट बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर होती. तिथल्या वर्कशॉपचा फोरमन ग्लेन दर उन्हाळ्यात एक फँटसी लीग चालवायचा. गावाबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर ऑक्टोबर ते मार्च शनिवारी स्टॉककार धावतात. जाड लोखंडी बंपर लावलेल्या गाड्या एकमेकींना ठोकत पळतात. ठोकणं तिथे नियमातच बसतं. एकूण चोवीस ड्रायव्हर. लीगमधल्या प्रत्येकाने येत्या शर्यतीसाठी त्यातले चार निवडायचे आणि एकाला कॅप्टन करायचं. ड्रायव्हर जितका पुढे येईल तितके गुण जास्त, कॅप्टनचे दुप्पट. शिवाय एक अट होती. एकच ड्रायव्हर सबंध सीझनमध्ये पाचपेक्षा जास्त वेळा घेता येत नसे. यादी गुरुवारी सकाळच्या स्मोकोपर्यंत, म्हणजे दहाच्या चहापर्यंत, ग्लेनकडे पोचली पाहिजे.

उत्तराने पहिल्या दोन शर्यतींना नावं आवडली म्हणून ड्रायव्हर घेतले आणि शेवटून दुसरी आली. मग एका बुधवारी संध्याकाळी ती डायनिंग टेबलापाशी मागच्या शर्यतीचा व्हिडिओ बघत बसली होती. नाना शेजारी मेथी निवडत होते. मान वर न करता ते म्हणाले की आत्ता गेली त्या गाडीचं मागचं बेअरिंग वाजतंय, पुढची शर्यत ती पुरी करत नाही. उत्तराला गंमत वाटली. शनिवारी ती गाडी चौथ्याच फेरीला बसली.

तेव्हापासून बुधवार ठरून गेला. साडेसहाला टेबल पुसायचं, लॅपटॉप उघडायचा, आणि नानांनी एका वहीत मांडलेल्या नोंदी बघत चार नावं काढायची. कुणी कोणाला किती वेळा घेतलं, कोण रागावला की विनाकारण ठोकत सुटतो, कोणाची गाडी ओल्या मातीत चालते, हे सगळं त्या वहीत होतं. शनिवारी उत्तरा त्यांना ट्रॅकवर घेऊन जायची. डब्यात धपाटे असत. शर्यतीआधी नाना गाड्यांच्या मधून हात मागे बांधून फिरायचे आणि ग्लेन लांबूनच 'किया ओरा, नाना' अशी माओरी नमस्काराची हाक द्यायचा. त्या वर्षी ते पाचवे आले, पुढच्या वर्षी दुसरे.

नावं काढायला अर्धा तास पुरायचा. पण दोघं उठत नसत. मूल व्हावं म्हणून तीन वर्षं केलेले उपचार आपण का थांबवले, हे उत्तराने आईलाही सांगितलं नव्हतं, नानांना सांगितलं. नानांनी तिला बायकोच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगितलं, जे त्यांनी मकरंदला कधी सांगितलं नव्हतं. त्या शहरात नानांचं असं जे काही होतं, ते त्या टेबलाशी होतं.

तिसऱ्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मकरंद नानांना डोळे दाखवायला ऑकलंडला घेऊन गेला. परतताना म्हणाला, वाटेत शहराच्या टोकाला टाकानिनीला पाच मिनिटं थांबू, मित्राकडून एक चार्जर घ्यायचाय. नव्या वसाहतीतलं एकसारख्या घरांमधलं एक घर. दार एका तिशीतल्या बाईने उघडलं. तिचं नाव अनुया. नाना येणार हे तिला माहीत नसावं, कारण ती गोंधळली, आणि चहा ठेवायला आत निघून गेली. नाना हात धुवायला बाथरूममध्ये गेले. तिथे मकरंदचं दाढीचं सामान होतं, त्याचा घरी घालायचा शर्ट होता, आणि दाराशी त्याच्या रबरी चपला होत्या, अंगठ्यापाशी डावीकडची झिजलेली. ती खूण नानांच्या ओळखीची होती. मकरंद लहानपणापासून डाव्या पायावर भार देऊन चालायचा.

गाडी हमरस्त्यावरच्या बॉम्बे नावाच्या टेकडीचा चढ चढू लागली. मग मकरंदनेच सांगितलं. वर्ष झालं होतं. मार्चमध्ये उत्तराची चार्टर्ड इंजिनियरची असेसमेंट होती, ती होईपर्यंत तिला त्रास नको, त्यानंतर आपण स्वतःच सांगू, असं तो म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका नाना. एवढंच करा माझ्यासाठी."

नानांनी खिडकीबाहेर बघत मान डोलावली.

पुढचा बुधवार आला. नाना टेबलाशी बसले, नावं सांगितली. त्याच्या पुढचाही आला. खरं सांगायचं तर एकदा बोलायचं म्हणून ते स्वयंपाकघरापर्यंत गेले होते, पण उत्तरा गुणगुणत भाकरी थापत होती, आणि ते पाणी पिऊन परत आले. जानेवारीत एका बुधवारी तिसरं नाव ठरवता ठरवता उत्तरानेच विचारलं, "नाना, मकरंद हल्ली फार गप्प असतो, नाही? माझं काही चुकतंय का?"

"कामाचा ताण असेल," नाना म्हणाले. आणि चौथं नाव सुचवलं.

त्या वर्षी त्यांच्या याद्या कधी नव्हे इतक्या बरोबर येत होत्या. फेब्रुवारीअखेर ते पहिल्या नंबरवर होते. ऑफिसातली माणसं उत्तराला थांबवून विचारायची की नाना या आठवड्यात कोणाला घेणार. ती ते घरी येऊन हसत सांगायची आणि नानांना जेवण जात नसे.

असेसमेंट पार पडली. त्यानंतरच्या रविवारी दुपारी मकरंदने तिला सांगितलं. नाना आपल्या खोलीत होते. आवाज चढले नाहीत. फक्त खूप वेळ नळ वाहत राहिला. संध्याकाळी मकरंद दोन बॅगा घेऊन टाकानिनीला निघून गेला. जाताना नानांच्या दाराशी थांबून म्हणाला की घराचं ठरलं की तुम्हाला घेऊन जातो. सोमवारी आणि मंगळवारी उत्तरा कामाला गेली, परत आली, कुकर लावला. नानांशी ती कामापुरतं बोलली. तिला आपल्याबद्दल कळलंय की नाही, हे नानांना समजेना, आणि विचारायचा धीर होईना.

बुधवारी साडेसहाला तिने टेबल पुसलं आणि हाक मारली, "नाना, यादी करायची ना? शेवटची शर्यत आहे."

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. नाना वही घेऊन आले. सात गुणांची आघाडी होती.

"शेन ओटवे शिल्लक आहे का?" उत्तराने विचारलं.

"एकदा."

"मग कॅप्टन तोच." तिने टाइप केलं. "दुसरं?"

नाना म्हणाले, लॉरी डिक्स. म्हातारा आहे, पण शर्यत पुरी करतो. तिने तेही घातलं. तिसरी टियाना रुआ, कारण बाहेरच्या बाजूने ती कोणाला जाऊ देत नाही. नानांना वाटलं, कदाचित हिला आपल्याबद्दल माहीत नाही. कदाचित हे असंच चालेल. चौथ्यासाठी त्यांनी वहीचं पान उलटलं. त्यांच्या मनात एक नाव होतं, पण त्याच्या गाडीचा आवाज मागच्या वेळी त्यांना पटला नव्हता, आणि ते तसं म्हणाले.

उत्तराने हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"शंभर फुटांवरून तुम्हाला गाडीतलं बेअरिंग ऐकू येतं," ती म्हणाली. "आणि माझ्या घरात काय चाललंय ते तुम्हाला डिसेंबरपासून माहीत होतं."

नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुम्हाला विचारलं होतं. इथेच बसून. माझं काही चुकतंय का म्हणून."

"हो."

"मी दोन महिने स्वतःत खोट शोधत होते, नाना. तुम्ही ताण म्हणालात."

"हो."

"त्याने सांगितलं म्हणून?"

मकरंदचं नाव पुढे करणं सोपं होतं. तिनेच ते त्यांच्या हातात दिलं होतं. नानांनी वही मिटली.

"नाही," ते म्हणाले. "तुला कळलं असतं तर तू गेली असतीस. हे बुधवार गेले असते. म्हणून."

उत्तरा त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्यांना सोसवला असता. राग नव्हता. अनोळखी माणसाचा पत्ता लक्षात आणायचा प्रयत्न करावा तशी ती बघत होती. मग तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, चौथं नाव स्वतःच घातलं, यादी पाठवून दिली आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली. नानांनी तिचं ताट वाढून झाकून ठेवलं. ती आली तेव्हा ती जेवली नाही.

शनिवारी ती ट्रॅकवर गेली नाही. ग्लेन नानांना न्यायला घरी आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. नाही म्हणायला इंग्रजी सुचेना, म्हणून नाना त्याच्या गाडीत बसले. ओटवे दुसऱ्या फेरीतच भिंतीवर आदळला. डिक्स सहावा आला, टियाना तिसरी. पण उत्तराने घेतलेला चौथा, कोडी नावाचा पहिल्याच वर्षाचा ड्रायव्हर, ज्याला नानांनी वहीत कधी जागाही दिली नव्हती, तो पहिला आला. दोन गुणांनी लीग त्यांनी जिंकली. एका लोखंडी पट्टीवर वेल्ड केलेला जुना पिस्टन, ही ट्रॉफी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ग्लेनने पाठ थोपटली, कोणीतरी फोटो काढला. त्या फोटोत नाना हसताहेत असं वाटतं.

घरी आल्यावर त्यांनी ट्रॉफी टेबलावर ठेवली आणि चौथा ड्रायव्हर तुझा होता, एवढं सांगितलं. उत्तरा पुस्तकं खोक्यात भरत होती. तिने बघितलं आणि ती तुम्हीच ठेवा म्हणाली.

एप्रिलमध्ये ती ख्राइस्टचर्चला गेली. तिथे रिकार्टनमध्ये तिची मैत्रीण विनया राहायची, आणि नोकरीही मिळाली होती. दर प्रवासाला निघताना ती नानांच्या पाया पडायची. या वेळी पडली नाही. दाराशी उभं राहून तिने त्यांच्या गोळ्या कुठल्या खणात आहेत ते सांगितलं, फ्रिजमध्ये आमटी आहे ते सांगितलं. आपल्याकडे निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. उत्तरा म्हणाली, "निघते मी, नाना."

"सांभाळून जा," नाना म्हणाले. त्यांना आणखी बोलायचं होतं. टॅक्सी थांबलेली होती.

घर विकलं गेलं आणि नाना टाकानिनीला मकरंद आणि अनुयाकडे राहायला गेले. अनुया मनाने वाईट नव्हती. ती त्यांना विचारून भाजी करायची आणि ते तिच्याशी नीट वागायचे. मकरंद एकदा म्हणाला की उत्तराने माझ्यावर राग काढला, पण तुमच्याशी तिने असं तोडायला नको होतं. नानांनी त्याला तिथेच थांबवलं. तिचं बरोबर आहे, म्हणाले, आणि पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढू नकोस.

जून-जुलैच्या पावसात त्यांनी तिला एक मेसेज लिहिला. लिहायला चार दिवस लागले. आपण तुझा विश्वास घालवला, त्याला माफी नाही हे कळतं, आणि तरी मागतो, असं त्यात होतं. पाठवल्यावर त्यांनी फोन उशाशी ठेवला. नऊ दिवसांनी उत्तर आलं.

"नाना, मेसेज वाचला. तब्येतीची काळजी घ्या."

त्यांनी ते पुष्कळदा वाचलं. लग्नपत्रिकेला आलेल्या उत्तरात, ओळखीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीत, कुठेही लिहितात तसं ते वाक्य होतं. पण तिने 'नाना' लिहिलं होतं. ते सवयीने लिहिलं की मनाने, हे त्यांना ठरवता आलं नाही, आणि ज्याला विचारावं असं माणूस तीच होती.

ऑक्टोबरमध्ये ग्लेनने नव्या सीझनचे चोवीस ड्रायव्हर पाठवले. कोडी यंदाही होता. नानांनी सगळी नावं चष्मा लावून वाचली, एकही लिहून घेतलं नाही, आणि अनुयाकडून इंग्रजी तपासून घेऊन ग्लेनला कळवलं की या वर्षी आम्ही खेळत नाही. पाठवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण 'आम्ही' लिहिलंय.