काळ्या पट्टीखालचा पत्ता

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. वकिलीला अकरा वर्षं झालेली, कामाला वाघ, पण नाकावर माशी बसू द्यायची नाही. गेल्या वर्षी तिने ऑफिसात नवी सिस्टीम आणली. तारखा, अर्ज, निकाल, अशिलांचे फोन नंबर, सगळं एका जागी. एक शब्द टाकला की चार वर्षांपूर्वीचा कागदसुद्धा समोर हजर. ताई या सिस्टीमचं कौतुक इतकं करायची की तिचा नवरा म्हणे, या घरात आता मी दुसरा.

भाऊंना मात्र ती सिस्टीम फारशी मानवली नव्हती. भाऊ म्हणजे तीस वर्षं वकिलांकडे काम केलेले जुने कारकून. कागदावरचं काही झाकायचं असलं की त्यांची पद्धत ठरलेली. आधी काळ्या शाईने ओळ भरायची, त्याची झेरॉक्स काढायची, त्या झेरॉक्सवर पुन्हा शाई फिरवायची, पुन्हा झेरॉक्स. मग तो कागद खिडकीच्या काचेला लावून एक डोळा मिटून बघायचा. अर्धा तास जायचा यात. ताईने हा सगळा खटाटोप बंद केला. संगणकावर ओळीवरून काळी पट्टी ओढली की झालं, दोन सेकंदांचं काम. भाऊंनी शाईची बाटली कपाटात ठेवून दिली.

त्या दिवशी झाकायचा होता तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा पत्ता. नवऱ्याने दोनदा हाड मोडल्यावर ती सहा वर्षांच्या छकुलीला घेऊन निघाली होती आणि वर्षभरात तिसऱ्या जागी राहत होती. पहिल्या दोन्ही जागा त्याने हुडकून काढल्या होत्या. आता मुलीचा ताबा कुणाकडे, यावर खटला चालू होता. मुलगी शाळेत नियमित जाते याचा दाखला समोरच्या वकिलांना बारा वाजायच्या आत द्या, पण शाळेचं नाव आणि घरचा पत्ता झाका, असा न्यायाधीशांचा आदेश होता. ताईने दोन्ही ओळींवर पट्ट्या ओढल्या आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी दाखला पाठवून दिला.

पावणेबाराला तिला त्याच शाळेची फीची पावती हवी होती. तिने शोधायच्या चौकटीत शाळेचं नाव टाकलं. सिस्टीमने दोन कागद काढून दिले. एक पावती. दुसरा तोच दाखला, पट्टी ओढलेला, नुकताच पाठवलेला. त्याखाली सिस्टीमने सापडलेला मजकूर छापला होता. शाळेचं नाव, पुढे गल्ली, पुढे घर नंबर, दुसरा मजला. अक्षर न् अक्षर.

पट्टी वरवरची होती. खाली मजकूर जसाच्या तसा होता, कुणीही बोट ठेवून उचलून घ्यावा असा.

त्यातून समोरचे, म्हणजे त्या नवऱ्याचे, वकील म्हणजे ताईचे सख्खे मामा. सहा वर्षं ती त्यांच्याच हाताखाली शिकली, मग भांडून बाहेर पडली. आता घरच्या कार्यात समोरासमोर आले तरी दोघांचं बोलणं मीठ इकडे दे, एवढ्यापुरतं. मामांना अशिलांच्या फोनचा भारी वैताग. सकाळपासून ‘काही आलं का, काही आलं का’. म्हणून त्यांच्या ऑफिसातही एक व्यवस्था बसवलेली होती. सकाळी आलेले सगळे कागद बाराच्या ठोक्याला आपोआप ज्याच्या त्याच्या अशिलाला जायचे. ती व्यवस्था बसवली होती खुद्द ताईनेच, आणि त्या दिवशी मामांकडून शाबासकीही घेतली होती.

पर्स उचलून ती उठली. मामांच्या ऑफिसला चालत पाच मिनिटं. बाराच्या आत पाठवणं थांबवलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. त्या बाईलाही नाही. खरं सांगायचं तर त्या घटकेला ताईला त्या बाईइतकीच स्वतःची काळजी वाटत होती. वकिलीची सनद, नाव, मामांचं तोंड, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

भाऊ दारात उभे होते. तिने दोन वाक्यांत सांगितलं. ते बाजूला झाले नाहीत.

“ताई, आधी तिला फोन.”

“भाऊ, दहा मिनिटं राहिलीत. थांबवून आले की करते.”

“नाही थांबलं तर? तिला पळायला वेळ नको का?”

ताईला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. पण तिने फोन लावला. पलीकडे शिवणयंत्राचा आवाज चालू होता. ताईने सांगितलं, माझ्या हातून चूक झाली, तुमचा पत्ता बाहेर गेला असण्याची शक्यता आहे. यंत्र थांबलं. ती बाई रडली नाही, ओरडली नाही. शाळेला कधी फोन करताय, एवढंच तिने विचारलं. आत्ता करते, ताई म्हणाली. मग पलीकडून एक वाक्य आलं.

“छकुलीला आत्ता कुठे एक मैत्रीण मिळाली होती, बाई.”

आणि फोन बंद. शाळेला भाऊंनी कळवलं, पोलीस ठाण्यालाही कळवलं. ताई रस्त्याला लागली तेव्हा आठ मिनिटं उरली होती.

मामांच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली. ती जिन्याने वर गेली आणि धापा टाकत त्यांच्या खोलीत शिरली. मामा कोर्टातून नुकतेच आलेले, कोट काढत होते. त्यांनी एक भुवई उचलली, बस म्हणाले नाहीत. इथे ताईची खरी पंचाईत होती. काय झाकलंय ते सांगावं तर समोरच्याच्या हातात किल्ली दिल्यासारखं, न सांगावं तर ते का थांबवतील? दोन मिनिटं उरली होती. तिने सरळ सांगून टाकलं.

“पट्टीखाली पत्ता वाचता येतो, मामा. बाराचं पाठवणं थांबवा.”

मामांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खुर्ची ओढून संगणकापुढे ठेवली आणि म्हणाले, “मला ते जमत नाही. तूच बसवलंस, तूच थांबव.” आणि पाठ करून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली होती, तिच्याच अक्षरातली. घाईत एकदा चुकला, दुसऱ्यांदा लागला. पाठवायच्या यादीत तो दाखला होता. तिने तो काढून टाकला, सगळं पाठवणंच बंद केलं. बाराला एक मिनिट कमी होतं. तिने डोळे मिटून श्वास सोडला.

डोळे उघडल्यावर तिला बाजूचा छोटा रकाना दिसला. दाखला अकरा पस्तीसला उघडलेला होता, आणि अकरा छत्तीसला कुणाला तरी पाठवलेलाही.

मामांनी टायपिस्ट मुलीला आत बोलावलं. ती पोर निरागसपणे म्हणाली, “साहेब, ते अशील सकाळपासून समोरच बसले होते ना. बारापर्यंत कशाला थांबायचं, म्हणून मीच त्यांच्या मोबाईलवर पाठवला. लगेच गेले ते.”

मामा त्या मुलीवर ओरडले नाहीत. त्यांनी त्या बाईच्या नवऱ्याला फोन लावला, तीनदा लावला, बंद येत होता. मग त्यांनी एक कागद पुढे ओढला आणि घडलं ते सगळं, वेळांसकट, स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली.

“उद्या न्यायाधीशांपुढे हे मीच ठेवतो,” ते म्हणाले. “चूक तुझी आणि घाई माझ्या ऑफिसची, दोन्ही यात आहेत. आणि हे वकीलपत्र मी सोडतोय. आता जा, तुझ्या अशिलाकडे बघ.”

दीडच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. ती बाई आणि छकुली निघाल्या होत्या. मागे गाडीचा आवाज होता. कुठे, असं ताईने विचारलं, आणि विचारल्याबरोबर आपण काय विचारतोय हे तिच्या लक्षात आलं.

“तुम्हाला नाही सांगणार, बाई. राग मानू नका. तारीख असेल तेव्हा मीच फोन करीन.” मग ती म्हणाली, “एक काम कराल? पाच जणींचे कपडे शिवून तयार आहेत. त्यांना वाटेल मी घेऊन पळाले. किल्ली घरमालकिणीकडे आहे. चिठ्ठ्या टाचलेल्या आहेत, पत्त्यासकट.”

साडेतीनला ताई आणि भाऊ त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होते. पोलीस येतो म्हणाले होते, आले नव्हते. खोली एवढीशी. यंत्र तसंच, सुईखाली अर्धी शिवलेली बाही. भिंतीला पेन्सिलीने मुलीची उंची मोजलेली, तीन रेघा, सगळ्यात वरची कालच ओढल्यासारखी. ताईला बघवेना. तिने कपडे गाठोड्यात बांधले, दाराला कुलूप लावलं आणि वळली.

जिन्यावर तो उभा होता. कोर्टात दिसायचा तसाच, नीटनेटका, भांग पाडलेला. हातात बाहुलीचा खोका.

“अरे, वकीलबाई,” तो हसून म्हणाला. “म्हणजे जागा बरोबर आहे. तुमचेच आभार मानायचे होते. दुपारी दाखला बघत बसलो होतो, नुसतं बोट दाबून धरलं, तर पट्टीखालचं सगळं आलं.”

भाऊ एक पायरी पुढे सरकले. जिना अरुंद, भाऊ साठीचे, छाती भात्यासारखी हलणारी. खाली घरमालकिणीने दार लावून घेतल्याचा आवाज झाला.

“कुठे आहेत दोघी?”

“इथून बाहेर पडा. पोलीस येतायत,” ताई म्हणाली.

“येऊ देत. बापाने लेकीला बाहुली आणली, त्यात काय गुन्हा?” तो आणखी एक पायरी चढला. आवाज तसाच मऊ. “तुम्हाला माहीत असणारच. तुमच्या त्या सिस्टीममध्ये सगळं असतं म्हणे. कुठे आहेत?”

“मला माहीत नाही.”

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. बायकोचं खोटं चेहऱ्यावरून ओळखायची त्याला वर्षानुवर्षांची सवय होती. ताईने नजर हटवली नाही. हटवायची गरजच नव्हती. तिच्या डोक्यात, फोनमध्ये, सिस्टीममध्ये, कुठेच ते नव्हतं. एखाद्याने तिला हालवून हालवून विचारलं असतं तरी तिच्यातून काही पडलं नसतं.

त्याला ते दिसलं. हसू गेलं. खोका काखेत मारून तो जिना उतरला आणि फाटकाबाहेर पडून दिसेनासा झाला.

ताई तिथेच पायरीवर बसली आणि गाठोड्यात तोंड खुपसून रडली. त्या बाईने आपल्याला ठिकाण सांगितलं नाही, याचं तिला दुपारभर वाईट वाटत होतं. वाईट आताही वाटत होतं. पण त्या बाईने सांगितलं असतं, तर हा माणूस आत्ता नुसता जिना उतरला असता का, याचं उत्तर तिला नको होतं.

भाऊंनी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं, वरची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली.

“चला ताई. पहिलं घर जवळच आहे.”