पोटावरचा जॅकचा वळ

मी एक जुना चेंबर आहे. मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं ना, तेच मी. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही. मी रागावलेलो आहे आणि हा राग गिळून बसायचा माझा विचार नाही.

होल्गीन गावात, ओनेलियाकाकीच्या परसात माझा जन्म झाला. साखर कारखाना बंद पडल्यापासून ही वेल्डर बाई घरीच कामं करते. रुपेर्तोच्या जुन्या अमेरिकन टॅक्सीत रशियन जीपचं इंजिन बसवलेलं. त्याचा मूळचा चेंबर गाडीच्या सांगाड्याच्या पुढच्या आडव्या दांड्यावर आपटायचा. दुसरा बाजारात मिळणार कुठून? काकीने मोडक्या वॉशिंग मशीनचा पत्रा कापला, वाकवला, सांधला. गळती तपासायला बाहेरून खडू फासून आत रॉकेल भरलं. दिवसभरात खडूवर एक डाग उमटला नाही. तेल ओढणारी नळीही तिनेच वळवली आणि तिचं तोंड माझ्या तळापासून बोटभर वर ठेवलं.

"जॅक दांड्यालाच लाव हो," तिने रुपेर्तोला बजावलं. "याच्या पोटाला लावलास तर नळीचं तोंड बुजेल आणि इंजिन तेलावाचून मरेल."

"काकी, तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

चार वर्षं मी थेंबभर गळलो नाही. स्टँडवरचे ड्रायव्हर वाकून मला बघत आणि काकीचा पत्ता विचारत.

मग एका दुपारी टायर पंक्चर झाला. प्रवासी कावले होते. रुपेर्तोने घाईत जॅक थेट माझ्या पोटाला लावला. तळ आत दबला, नळीचं तोंड बुजलं. गाडी सुरू होताच तेलाचा लाल दिवा पेटला. पण त्या दिव्यावर या शहाण्याने कधीच कोब्रेच्या माउलीचं, आमच्याकडच्या लाडक्या देवमातेचं, चित्र चिकटवलं होतं. का, तर दिवा बघून प्रवासी घाबरतात!

"अहो, माउलीचा चेहरा लाल दिसतोय," शेजारी बसलेली बाई म्हणाली.

"प्रसन्न झालीय आपल्यावर," म्हणत त्याने चित्राला हात लावून बोटं ओठांना टेकवली आणि गाडी चढावर घातली.

अर्ध्या चढावर इंजिन जाम झालं.

आणि स्टँडवर जाऊन हा काय बोलला? "बाईमाणसाने केलेला चेंबर! दुसरं काय होणार?" मला वाचा असती तर तिथेच त्याचे वाभाडे काढले असते. महिन्याभरात काकीच्या परसात कुणी फिरकेना.

शेवटी तीच त्याच्या घरी गेली. तिने बंद गाडीतून मला खोलून काढलं, त्याच्या स्वयंपाकघरात आणलं आणि त्याच्याच जॅकचं डोकं माझ्या खड्ड्यात ठेवलं. तंतोतंत बसलं.

रुपेर्तोची मान खाली गेली. "चुकलो, काकी. पण हे आपल्या दोघांतच राहू द्या."

"बदनामी स्टँडवर, आणि माफी स्वयंपाकघरात? वा रे वा!"

ती मला उचलून घरी घेऊन आली.

मित्रांनो, वस्तू मोडते, चूकही होते. पण वस्तूला जपायचं सोडून आपल्या चुकीचं खापर ती घडवणाऱ्याच्या माथी फोडू नका. हातोडीच्या चार घावांत मी पुन्हा सरळ होईन. काकीने हातोडी उचललीही होती. मग ती बाजूला ठेवली आणि वळ रस्त्याकडे करून मला दारावर टांगलं. रुपेर्तो हल्ली मागच्या गल्लीने जातो. जाऊ दे. तो स्टँडवर जाऊन खरं बोलेपर्यंत मलाही सरळ व्हायचं नाही.